मोंते सांतोवरची रोझारीची इगर्ज

पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारा रस्ता मांडवीच्या दक्षिण काठाने जातो. त्याचा पहिला टप्पा म्हणजे पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबलचक बांधपूल, जो लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉयपदी असताना १६३३-३४ मध्ये जांभ्या दगडात बांधला गेला आणि आजही वाहतुकीचा भार वाहतो. रायबंदरची घरे मागे पडल्यावर रस्ता पुन्हा नदीच्या सोबतीने पूर्वेकडे वळतो आणि गांधी चौकात पोहोचतो, जेथे बहुतेक प्रवासी उतरून बॉम जेझूसची बॅसिलिका आणि से कॅथेड्रल या दोन भव्य वास्तूंच्या मधल्या हिरवळीवर विखुरतात. युनेस्कोने १९८६ साली 'गोव्यातील चर्च व मठ' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत ज्या सात वास्तू घेतल्या, त्यांपैकी या हिरवळीपासून सर्वांत दूर आणि सर्वांत पश्चिमेला असलेली वास्तू म्हणजे रोझारी मातेची, अर्थात नोसा सिन्योरा दू रोझारियूची, इगर्ज होय. पणजीकडून येणाऱ्या प्रवाशाला ती भौगोलिकदृष्ट्या आधी लागते. परंतु रस्ता तिच्या टेकडीच्या पायथ्याने निघून जात असल्यामुळे बहुतेक जण तिला ओलांडून पुढे जातात आणि परत फिरून वर चढण्याइतका वेळ फार थोड्यांकडे उरतो.

या टेकडीला पोर्तुगीज कागदपत्रांत मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, असे नाव आहे. बॉम जेझूसच्या बाजूने वर जाणाऱ्या रस्त्याने निघाले असता प्रथम ऑगस्टिनियन संन्याशांच्या चर्चचे अवशेष लागतात. १६०२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या प्रचंड वास्तूचा सुमारे ४६ मीटर उंचीचा एक मनोरा निम्माअर्धा उभा आहे. धर्मसंघ बरखास्त झाल्यानंतर १८३५ मध्ये ती ओस पडली, १८४२ मध्ये तिचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष याच ठिकाणच्या उत्खननात हाती लागल्यामुळे अलीकडे या भग्नावशेषांना नवी कीर्ती लाभली आहे. त्यांच्या समोरच्या अंगाला संत मोनिकाचा जोगिणींचा मठ आपल्या भल्यामोठ्या टेकूभिंतींसह उभा आहे, ज्याचे बांधकाम १६०६ मध्ये सुरू झाले. शेजारी संत अंतोनचे छोटे राजकपेल आहे. अशा रीतीने सतराव्या शतकातील ऐश्वर्याच्या दोन साक्षीदारांमधून वाट काढत रस्ता टेकडीच्या पश्चिम टोकाशी येतो तेव्हा प्रवाशासमोर उभी राहणारी इमारत त्या दोघांहून वयाने बरीच वडील आणि आकाराने बरीच लहान असते. जुन्या गोव्याचा इतिहास ज्याला क्रमाने वाचायचा असेल त्याने खरे तर येथूनच आरंभ करावयास हवा.

इगर्ज हा शब्द गोव्यात सरसकट चर्चसाठी वापरला जात असला, तरी चर्चच्या व्यवस्थेत सर्व वास्तूंचा दर्जा समान नसतो. बिशपचे आसन जेथे असते ते कॅथेड्रल. संन्याशांच्या संघाच्या मालकीचे ते मठाचे चर्च. कपेल म्हणजे नित्याच्या धर्मकार्याचा स्वतंत्र अधिकार नसलेले छोटे प्रार्थनास्थान. पॅरिश चर्च मात्र एका आखून दिलेल्या वस्तीचे असते. त्या वस्तीतील प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद तेथील वहीत होते आणि या सर्वांची जबाबदारी बिशपने नेमलेल्या विगाराकडे, म्हणजे मुख्य धर्मगुरूकडे, असते. मठाचे चर्च संघाच्या संपत्तीवर वाढते आणि संघ गेला की मरते. पॅरिश चर्च वस्तीवर अवलंबून असते आणि वस्ती हलली तर त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. रोझारीची इगर्ज ही सोळाव्या शतकाच्या मध्यावर गोवा शहर कॅथेड्रलच्या एकाच पॅरिशमध्ये मावेनासे झाल्यावर जी नवी पॅरिश चर्च निर्माण झाली त्यांपैकी एक होय, आणि तिच्या पुढील साऱ्या भाग्यदुर्भाग्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इमारतीचा काळ सामान्यतः १५४४ ते १५४९ असा मानला जातो. गोव्यात बिशपचा प्रांत स्थापन होऊन तेव्हा दहाएक वर्षे झाली होती आणि पहिला प्रत्यक्ष बिशप, फ्रान्सिस्कन संघाचा जुआंव द आल्बुकेर्क, शहराची धार्मिक व्यवस्था बसवत होता. या व्यवस्थेमागे 'पाद्रोआदो' नावाचा करार होता. त्यानुसार पूर्वेकडील प्रदेशांत बिशप नेमणे, चर्च बांधणे आणि धर्मगुरूंना वेतन देणे ही कामे पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपवली होती. पैसा केवळ लिस्बनहून येत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तिसवाडी बेटावरील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली आणि पुढच्या वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या संस्थांकडे वळवण्यात आले. या विशिष्ट इगर्जीच्या बांधकामाला त्यातला किती वाटा मिळाला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असला, तरी ज्या दशकात ती उभी राहिली त्या दशकाची आर्थिक पार्श्वभूमी हीच होती, आणि टेकडीच्या कड्यावरून समोर दिसणारे दिवाडी बेट त्याची आठवण करून देते. कारण कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ त्या बेटावर होते. ते पाडले गेल्यावर देवाने नदीपलीकडे नार्वे येथे आश्रय घेतला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला.

बांधकामाच्या आदल्या वर्षाचे एक चित्र गास्पार कोरैया या समकालीन इतिहासकाराने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. १५४३ मध्ये गोव्यात पटकीची, कोकणात जिला मोडशी म्हणत त्या रोगाची, अशी साथ आली की मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवण्यास गव्हर्नर मार्तीं आफोंसु द सौझाने बंदी घातली, कारण अखंड घंटानादाने जिवंतांचाच धीर सुटत होता. दफनाची जागा, अंत्यसमयी येणारा धर्मगुरू आणि मृतांची नोंद ठेवणारी वही या पॅरिशच्या अगदी प्राथमिक गरजा आहेत. एका पॅरिशच्या शहराला त्या साथीत त्या किती अपुऱ्या पडल्या असतील हे लक्षात घेतले, म्हणजे रोझारीच्या बांधकामाला अवघ्या वर्षभरात हात लागावा यात काही नवल वाटत नाही.

तथापि इगर्जीची जी जन्मकथा सांगितली जाते ती वेगळी आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आफोंसु द आल्बुकेर्कने आदिलशाही सैन्याकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकून घेतला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिमय्या या स्थानिक सहकाऱ्याच्या साहाय्याने मिळवलेले शहर त्याला मे महिन्यात सोडावे लागले होते. या दुसऱ्या लढाईची हालचाल त्याने याच टेकडीवरून न्याहाळली आणि विजय मिळाल्यास येथे रोझारी मातेचे मंदिर बांधीन असा नवस केला, अशी ही परंपरा असून ती सांगणारा एक लेख दगडावर कोरून पुढच्या काळात येथे बसवण्यात आला आहे. टेकडीच्या माथ्यावरून नदीचे पात्र आणि त्या काळच्या धक्क्याची दिशा नजरेच्या टप्प्यात येते हे खरे आहे, त्यामुळे कथेला स्थळाचा आधार आहे. पण काळाचा आधार तितका बळकट नाही. आल्बुकेर्क १५१५ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या बंदराबाहेर जहाजावरच मरण पावला आणि त्याला पुरले गेले ते त्याने स्वतः बांधलेल्या नोसा सिन्योरा दा सेर्राच्या कपेलात, जेथून त्याचे अवशेष १५६६ मध्ये लिस्बनला नेण्यात आले. नवस आणि त्याची दगडी फेड यांमध्ये तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे. या जागी आधीपासून एक लहान कपेल होते आणि नवसाचा संबंध त्याच्याशी असावा, असे मानले तर दोन्हींचा मेळ बसतो. परंतु सध्याच्या वास्तूचे श्रेय एका विजेत्याच्या नवसापेक्षा वाढत्या शहराच्या गरजेला देणे अधिक सयुक्तिक ठरेल. विजेत्यांची नावे दगडावर कोरली जातात, गरजेचे नाव कोणी कोरत नाही, एवढाच काय तो फरक.

'रोझारी' म्हणजे जपमाळ. मण्यांवर बोटे फिरवत मारियेची आणि प्रभूची प्रार्थना ठरलेल्या क्रमाने म्हणावयाची ही पद्धत युरोपात डोमिनिकन संन्याशांनी लोकप्रिय केली. गोव्याच्या घराघरांत सायंकाळी म्हटला जाणारा 'तेर्स' तो हाच. रोझारी मातेचा सण साजरा होऊ लागला तो १५७१ च्या लेपांतोच्या सागरी लढाईनंतर, पोपच्या आज्ञेने. म्हणजे मोंते सांतोवरची ही इगर्ज त्या सणाहून पाव शतकाने जुनी आहे, आणि जपमाळेची भक्ती भारतात युद्धस्मारकाच्या नव्हे तर घरगुती उपासनेच्या रूपात आधी रुजली होती असे यावरून म्हणता येते. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुले आणि गुलाम गोळा करी व त्यांना येथल्या कपेलात आणून धर्मतत्त्वांचे पाठ देई, असे त्याचे चरित्रकार सांगतात. बॉम जेझूसमध्ये चांदीच्या पेटीत त्याचे शव पाहण्यासाठी रांग लावणाऱ्या भाविकांना, तो हयात असताना ज्या जागी शिकवीत होता ती जागा अर्ध्या कोसाच्या आत आहे याची क्वचितच कल्पना असते. दर दहा वर्षांनी त्या शवाचे जाहीर दर्शन भरते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते भरले तेव्हाही सारी व्यवस्था खालच्या मैदानातच होती.

आता इमारतीकडे वळावे. बाहेरून पाहणाऱ्याला ती प्रथमदर्शनी देवालयापेक्षा गढीसारखी वाटते, कारण तिचा दर्शनी भाग म्हणजे पुढे आलेला चौकोनी, मजलेदार बुरूजच आहे आणि त्याच्या कोपऱ्यांना गोल, दंडाकार बुरुज्या बिलगलेल्या असून त्यांच्या माथ्यावर लहान घुमट्या व क्रूस आहेत. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, जाड आणि चुन्याच्या गिलाव्याने झाकलेल्या आहेत. खिडक्या थोड्या आणि त्याही छताजवळ, उंचावर आहेत. तळमजल्यावरील देवडीतून, म्हणजे मुख्य दारापुढील आच्छादित जागेतून, आत जाताना वर पाहिले असता छताला दगडी फासळ्या दिसतात, ज्या कोपऱ्यांतून निघून मध्याशी एकत्र येतात. कमानीदार छताचा भार भिंतीऐवजी अशा फासळ्यांवर तोलण्याची ही युक्ती गॉथिक शैलीची ओळख मानली जाते. युरोपात ती शैली मावळत असताना तिचे एक उशिराचे रोपटे मांडवीच्या काठी लावले गेले, हे या वास्तूचे एक वैशिष्ट्य होय.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे बुरुज्यांभोवती आणि भिंतींवर फिरणारी दगडातील दोरी. जाडजूड पिळाच्या दोरखंडाने इमारत जणू बांधून घट्ट केली आहे असा भास निर्माण करणारे हे पट्टे 'मॅन्युएलाइन' शैलीची खूण आहेत. १४९५ ते १५२१ या काळात पोर्तुगालवर राज्य केलेल्या दों मानुएल याच्या नावाने ही शैली ओळखली जाते. वास्को द गामा आणि आल्बुकेर्क यांच्या मोहिमा याच राजाच्या कारकिर्दीतल्या, आणि समुद्रावरून आलेल्या संपत्तीच्या जोरावर लिस्बनमध्ये ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या नक्षीत दोरखंड, गाठी, प्रवाळ आणि खगोलमापनाचे वलयगोल अशा नौकानयनाच्या वस्तूंनी प्रवेश केला. परंतु रोझारीची इगर्ज लिस्बनच्या राजवैभवाशी नाते सांगत नाही. तिचे खरे नातलग दक्षिण पोर्तुगालमधील आलेंतेजू प्रांताच्या साध्या, चुनारंगी, तटबंद चर्चमध्ये शोधावे लागतात, ज्यांचा एक ठळक नमुना म्हणजे एव्हुरा नगरातील संत ब्रासचे पंधराव्या शतकाच्या अखेरीचे चर्च, ज्याच्या भिंतींना शंकूच्या टोप्या घातलेले गोल टेकूखांब आहेत. गोव्याला आलेल्या सैनिक, खलाशी आणि गवंड्यांच्या मनातले गावचे देऊळ असेच असणार. त्यांनी आठवणीतला आराखडा येथे आणला आणि तो येथल्या जांभ्यात उतरवला. ग्रॅनाइटात किंवा चुनखडीत जी बारीक नक्षी काढता येते ती सच्छिद्र, रवाळ जांभ्यात टिकत नाही, म्हणून येथील दोरी जाड, ठसठशीत आणि मोजकी आहे. साधनाच्या मर्यादेने शैलीला आलेला हा साधेपणा प्रस्तुत लेखकाच्या मते लिस्बनच्या जेरोनिमोस मठातील नक्षीच्या गर्दीपेक्षा अधिक समाधान देतो, मग कलेतिहासाचे निकष काहीही सांगोत.

तटबंद रूप केवळ शोभेचे होते असेही नाही. इमारत पूर्ण होऊन दोन दशके उलटतात न उलटतात तोच १५७०-७१ मध्ये विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला दीर्घ वेढा घातला. त्यानंतर शतकभराने, १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये, छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने मांडवीच्या वरच्या अंगाला असलेले जुवे बेट रातोरात काबीज केले, आणि ते परत घेण्यासाठी धावलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, कसाबसा जीव वाचवून परतला. त्या संकटात व्हाइसरॉयने आपला राजदंड झेवियरच्या शवाच्या हाती सोपवून शहराचे रक्षण मागितले ही हकिकत प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला ती मराठ्यांच्या बाजूने ठाऊक असते. टेकडीवर उभे राहून नदीच्या वरच्या वळणाकडे पाहताना ती शहराच्या बाजूनेही समजते, कारण जुवे आणि राजधानी यांच्यामधले अंतर किती थोडे होते हे तेथे डोळ्यांना दिसते.

आतील रचना क्रूसाच्या आकाराची आहे. एक लांबट मुख्य दालन, त्याच्या दोन बाजूंना लहान कपेले आणि टोकाशी रोझारी मातेला वाहिलेली मुख्य वेदी. सजावट बेताची आहे. से कॅथेड्रलमधील सोनेरी मुलाम्याचे भव्य पडदे येथे नाहीत. पण मुख्य वेदीजवळच्या भिंतीत एक वस्तू अशी आहे की तिच्यासाठीच टेकडी चढावी. ते आहे दोना कातारीना आ पिरो हिचे संगमरवरी स्मारक. त्यावरील नक्षीत युरोपचे काही नाही: नाजूक स्तंभिका, वेलबुट्टी आणि जाळीकामाची आठवण देणारे कोरीव पट्टे हे सारे गुजरातच्या, त्या काळच्या मशिदी व मकबऱ्यांमधून परिचित असलेल्या, हस्तकौशल्याचे आहे. खंबायतच्या आखातातील बंदरे आणि गोवा यांच्यात जहाजांची सतत ये-जा होती, आणि कोरीव दगड किंवा तो कोरणारे कारागीर त्या मार्गाने आले असणे स्वाभाविक आहे. सुलतानांच्या कबरींवर चालणाऱ्या छिन्नीने एका पोर्तुगीज स्त्रीच्या थडग्याला रूप दिले, आणि पोर्तुगीज भाषेतील छोट्या लेखात ती स्त्री वाचणाऱ्याला आपल्या आत्म्यासाठी देवाची करुणा मागण्याची विनंती करते.

ही स्त्री गार्सिया द सा याची पत्नी. तो १५४८ मध्ये गोव्याचा गव्हर्नर झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याचेही दफन याच चर्चमध्ये झाले. दोघांचा विवाह कातारीनाच्या मृत्युशय्येवर फ्रान्सिस झेवियरने लावला, अशी परंपरा आहे. भारतात आलेली पहिली पोर्तुगीज स्त्री हीच, असेही मार्गदर्शक मंडळी ठासून सांगतात. त्यात अतिशयोक्ती आहे, कारण सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच जहाजांवरून, कधी उघडपणे तर कधी लपूनछपून, थोड्या स्त्रिया येत होत्या. पण अतिशयोक्तीच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती खरी आहे. पोर्तुगालहून येणाऱ्या जहाजांत स्त्रिया इतक्या विरळा होत्या की आल्बुकेर्कने आपल्या सैनिकांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करून येथेच स्थायिक होण्यास उत्तेजन दिले, आणि अशा विवाहितांचा 'काझादू' नावाचा वर्ग शहराचा कणा बनला. रोझारीसारख्या पॅरिशचे लोक म्हणजे बव्हंशी हीच कुटुंबे. भिंतीत मढवले गेले ते मात्र लिस्बनच्या रक्ताचे नाव, आणि ज्या स्त्रियांनी ही वस्ती खऱ्या अर्थाने वसवली त्यांच्या नावाचा एकही दगड येथे दिसत नाही.

कातारीना आणि गार्सिया यांची मुलगी लिओनोर हिचे नाव मात्र साहित्यात अमर झाले. तिचा पती मानुएल द सौझा सेपुल्व्हेदा याच्यासह ती 'सांव जुआंव' या जहाजाने मायदेशी निघाली असता १५५२ मध्ये आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर जहाज फुटले, आणि किनाऱ्याने पायी चालत जाताना भूक व लूटमार यांनी ती व तिची मुले मरण पावली. ही हकिकत त्या काळी पोर्तुगालमध्ये घरोघर वाचली गेली. पुढच्याच वर्षी गोव्यात दाखल झालेल्या लुईश द कामोईंश या कवीने ती आपल्या 'लुसिआदश' या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात गुंफली. आईवडील मोंते सांतोवर गारव्यात निजले आहेत आणि मुलीला कबरही धड मिळाली नाही. मसाल्याच्या व्यापाराची ही बाजू हिशेबाच्या वह्यांत सापडत नाही.

यापुढचा इतिहास हा घडण्यापेक्षा न घडण्याचा आहे. सतराव्या शतकापासून शहरातील साथींनी उग्र रूप धारण केले. सच्छिद्र जांभ्यातून सांडपाणी विहिरींत झिरपे, आजूबाजूच्या दलदलीत हिवताप पोसला जाई, आणि व्यापार डच-इंग्रजांकडे वळल्यावर राहण्याचे कारणही उरले नाही. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला नेले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्यातील घरे पाडून त्यांचा दगड नव्या राजधानीसाठी वाहून नेण्यात आला आणि पॅरिशवाचून पॅरिश चर्च अशी रोझारीची अवस्था झाली. वरवर पाहता हा विनाश. परंतु वास्तूच्या दृष्टीने विचार केला तर तोच तिचा तारणहार ठरला, आणि हे या प्रवासातून हाती येणारे सर्वांत महत्त्वाचे अनुमान आहे. जेथे वस्ती टिकली आणि भरभराटली तेथील पॅरिश चर्च वारंवार नव्याने बांधली गेली: मडगावची १५६५ च्या सुमाराची इगर्ज १६७५ मध्ये आजच्या रूपात आली, पणजीचे १५४१ चे कपेल १६१९ मध्ये बदलले गेले. श्रद्धा जिवंत असते तेथे ती जुन्या भिंतींना फार काळ जुने राहू देत नाही. रोझारीच्या लोकांजवळ आधी पुनर्बांधणीइतका पैसा नव्हता आणि पुढे पैसा देणारे लोकच उरले नाहीत, म्हणून सोळाव्या शतकाच्या मध्याचे गोव्यातील पॅरिश चर्च कसे होते हे दाखवणारी वास्तू येथे शिल्लक राहिली.

केवळ ओसाडीने मात्र वास्तू टिकत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफचे चर्च हे तेथील मुख्य पॅरिश चर्च होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर पोर्तुगीज निघून गेले, छपरे गेली, आणि आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तेथे बिनछपराच्या भिंती व मनोरा जपत आहे. रोझारीवर निदान छप्पर आणि धर्मप्रांताची नजर कायम राहिली. १९५१ साली पोर्तुगीज कलेतिहासकार मारियू शिको गोव्यातील वास्तूंचा अभ्यास करण्यासाठी आला तेव्हा मॅन्युएलाइन शैलीचा नमुना म्हणून तिच्याकडे विद्वानांचे लक्ष नव्याने वेधले गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आली.

संरक्षणाचा कायदेशीर अर्थ येथे सांगणे अवश्य आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र 'प्रतिषिद्ध' असते, म्हणजे तेथे नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र 'विनियमित' असते, जेथे परवानगी लागते. पूजास्थान असलेल्या स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये, अशीही तरतूद त्यात आहे. त्यामुळे रोझारी एकाच वेळी स्मारकही राहते आणि इगर्जही. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात वास्तूचा खरा शत्रू बिल्डर नसून पाऊस आहे: कोकणातला मुसळधार पाऊस जांभ्याच्या छिद्रांत शिरला की दगड आतून भुसभुशीत होतो, आणि त्याला अडवणारी एकच गोष्ट म्हणजे चुन्याचा गिलावा, जो ओल शोषतो, वाळतो, झिजतो आणि म्हणून ठरावीक काळाने पुन्हा चढवावा लागतो. बॉम जेझूसच्या बाहेरील भिंतींचा गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस, प्राचीनतेचा देखावा निर्माण करण्याच्या हौसेने खरवडून काढण्यात आला. तो लालसर उघडा दगड आता पर्यटकांच्या इतका परिचयाचा झाला आहे की गिलावा परत चढवण्याची सूचनाही वाद ओढवून घेते. रोझारीच्या भिंतींवर पावसाळ्यानंतर शेवाळाचे काळे ओघळ दिसतात आणि छायाचित्रकार त्यावर नाराज असतात, पण गिलावा अंगावर आहे तोवर आतील चिरा सुरक्षित आहे.

टेकडी उतरून गांधी चौकात परतलेल्या प्रवाशाने से कॅथेड्रलच्या मागील बाजूस असलेल्या संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चचे दार अवश्य पाहावे, कारण गोव्यातील मॅन्युएलाइन शैलीचा दुसरा अवशेष तेवढाच आहे. गडद दगडाच्या त्या कमानीवर राजचिन्ह आणि दोन्ही अंगांना वलयगोल कोरले आहेत, आणि कारागिरीत ते दार रोझारीच्या कोणत्याही भागापेक्षा सरस आहे. परंतु १६६१ मध्ये श्रीमंत फ्रान्सिस्कनांनी आपले जुने चर्च पाडून नवे बांधले तेव्हा त्यातला हा एकच तुकडा त्यांनी नव्या दर्शनी भिंतीत ठेवून दिला. शेजारच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे, आणि आल्बुकेर्क व कामोईंश यांचे ब्राँझचे पुतळे आपापल्या चौथऱ्यांवरून उतरवले गेल्यानंतर तेथेच ठेवलेले आहेत.